कुणीही जागेवरून हलायचं नाही!

क्रिकेटचा इतिहास लिहिणारी मंडळी खेळाडूंचा इतिहास लिहितात. कुणी किती धावा केल्या, कुणी किती बळी घेतले, कुणाचा झेल कुणी सोडला, सगळं अगदी तारीखवार असतं. पण जे लोक तो झेल सुटल्यावर घरातल्या घरात कपाळावर हात मारून घेतात, त्यांचा इतिहास कुणी लिहीत नाही. वास्तविक कष्ट त्यांचेच जास्त. खेळाडूला निदान पॅड आणि हेल्मेट असतं. आमच्यासारख्यांना काहीच नाही.

मी स्वतः क्रिकेट खेळलो नाही असं नाही. चाळीच्या जिन्याखाली खेळलोय. पण माझी खरी कारकीर्द ही प्रेक्षक म्हणूनच, आणि ती घराण्यात चालत आलेली. आजोबा, मग अण्णा, मग मी. त्यामुळे भारत-पाकिस्तान कसोटी सामन्यांचा इतिहास लिहायला मी नालायक नाही, असं मला वाटतं. शिवाय मी बँकेत कारकून आहे. जमा-खर्चाच्या नोंदी घालणे हा माझा धर्म. तर नोंदी अशा :

एकूण कसोट्या ५९. पाकिस्ताननं जिंकल्या १२, भारतानं ९. अनिर्णित ३८.

वाचकहो, या शेवटच्या आकड्याकडे जरा नीट बघा. ५९ पैकी ३८! आमच्या शाखेत एवढी प्रकरणं पेंडिंग राहिली असती, तर मॅनेजरसाहेबांची बदली कुठल्या कुठे झाली असती. पण या ३८ निकालशून्य सामन्यांसाठीसुद्धा दोन्हीकडची माणसं जेवणं टाकून बसली, भांडली, रडली. हा इतिहास आहे तो त्या माणसांचा.

सुरुवात १९५२ सालची. पाकिस्तानचा संघ पहिल्यांदा कसोटी खेळायला आला तो भारतातच. त्यांचा कर्णधार अब्दुल हफीज कारदार १९४६ साली इंग्लंडमध्ये भारताकडूनच खेळून आलेला. म्हणजे वाटण्या झालेल्या भावांनी पुन्हा एकाच अंगणात गोट्या खेळाव्यात, तसला प्रकार. पहिला सामना दिल्लीला झाला. विनू मांकडनं दोन्ही डावांत मिळून १३ गडी उचलले आणि आपण डावानं जिंकलो. आजोबांनी पेढे आणले. पुढच्याच आठवड्यात लखनौला फझल महमूदनं १२ गडी उचलले आणि आपण डावानं हरलो. मांकड आणि हजारे दोघेही त्या सामन्यात नव्हते. आजोबांचं म्हणणं, पेढे आणले तेच चुकलं. तेव्हापासून आमच्या घरात मालिका संपल्याशिवाय पेढे आणायचे नाहीत, असा नियम झाला. मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर विजय हजारेंनी नाबाद १४६ धावा काढल्या, आपण दहा गड्यांनी जिंकलो, शेवटचे दोन सामने अनिर्णित राहिले आणि मालिका २-१ अशी आपली झाली. भारतानं जिंकलेली ही पहिलीच कसोटी मालिका. हजारे सांगलीचे. त्यामुळे विजयाचा निम्मा वाटा आजोबांनी परस्पर दक्षिण महाराष्ट्राच्या खात्यात जमा करून टाकला होता.

यानंतर मात्र गंमत झाली. एकदा जिंकण्याची आणि एकदा हरण्याची चव घेतल्यावर दोन्ही संघांनी हरण्याची अशी काही धास्ती घेतली, की १९५५ च्या मालिकेतले पाचही सामने अनिर्णित राहिले आणि १९६०-६१ चेही पाचही! १९५२ मधले शेवटचे दोन आणि १९७८ मधला पहिला धरला तर ओळीनं तेरा. दोन शेजाऱ्यांनी समोरासमोर येऊन 'आधी तुम्ही', 'छे छे, आधी तुम्ही' करत एक पिढी काढावी, तसं.

पण १९५५ सालीच एक गोष्ट अशी घडली की जिच्यापुढे धावफलक काहीच नाही. लाहोरच्या कसोटीसाठी सीमा खुली केली गेली. फाळणीला आठ वर्षंसुद्धा झाली नव्हती. ज्या रस्त्यानं माणसं जीव मुठीत धरून पळाली, त्याच रस्त्यानं अमृतसरकडची हजारो माणसं डबे बांधून मॅच बघायला निघाली. सकाळी जायचं आणि संध्याकाळी परत यायचं. अंतर जेमतेम तीस मैल. त्यांनी मॅच किती बघितली आणि आपली जुनी गल्ली, जुनं दुकान, जुना शेजारी किती शोधला, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. मैदानावर पाकिस्तानचा मकसूद अहमद ९९ वर असताना सुभाष गुप्तेंच्या चेंडूवर पुढे गेला आणि आपल्या नरेन ताम्हाण्यांनी त्याला यष्टिचीत केलं. एका धावेसाठी माणूस हळहळतो म्हणजे काय, ते त्या दिवशी लाहोरच्या बागेत दोन्ही देशांच्या माणसांनी शेजारी शेजारी बसून अनुभवलं असणार. सामना अर्थातच अनिर्णित राहिला. पण अशी मॅच अनिर्णित राहिली तर बिघडलं कुठं?

आता एक नोंद लाल शाईत. अब्बास अली बेग हा हैदराबादचा देखणा फलंदाज. १९६० च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध मुंबईला तो असा काही खेळला, की एका मुलीनं भर मैदानात धावत जाऊन त्याच्या गालाचं चुंबन घेतलं. त्या काळी हे चुंबन धावांपेक्षा जास्त गाजलं. त्याच वर्षाच्या अखेरीस पाकिस्तानचा संघ आला आणि बेगच्या धावा होईनात. झालं! लोकांनी त्याला पत्रं लिहिली. 'तू मुद्दाम बाद होतोस का?' अशा अर्थाची. का, तर नाव अब्बास अली. बाकीचेही अपयशी ठरत होतेच, पण त्यांना नुसत्या शिव्या मिळाल्या. शिव्या परवडल्या हो, त्यात निदान आपलेपणा असतो. बेग संघाबाहेर गेला. ही नोंद लक्षात ठेवा, पुढे मला लागणार आहे.

मग मध्ये दोन युद्धं झाली आणि सतरा वर्षं खेळ बंद. १९७८ साली बेदीचा संघ पाकिस्तानात गेला. आमचे अण्णा तेव्हा ऐन तारुण्यात. ऑफिसात टेबलाच्या खणात ट्रान्झिस्टर ठेवून खण अर्धा उघडा ठेवायचा, ही कला त्यांनी याच मालिकेत हस्तगत केली. फैसलाबादला कपिल देव नावाचा पोरगेला गोलंदाज पहिल्यांदा खेळला. लाहोर आणि कराची पाकिस्ताननं जिंकल्या. झहीर अब्बास बाद होतच नव्हता. कराचीत गावसकरनं दोन्ही डावांत शतकं ठोकली, तरी हरलोच. लाहोरच्या विजयाबद्दल तिकडच्या सरकारनं म्हणे सुट्टी जाहीर केली. अण्णांना पराभवापेक्षा हीच गोष्ट जास्त लागली. "हरलो ते हरलो," ते म्हणायचे, "पण सुट्टी त्यांना!" पुढच्याच वर्षी आपण मुंबई आणि मद्रास जिंकून मालिका २-० अशी खिशात टाकली. सुट्टी नाही ती नाहीच मिळाली.

मला स्वतःला आठवतं ते १९८७ पासूनचं, तेही अंधूक. त्या मालिकेत जयपूरच्या कसोटीला जनरल झिया स्वतः येऊन बसले. आणि अहमदाबादला गावसकरनं दहा हजारावी धाव काढली तेव्हा लोक आनंदानं मैदानात धावले, आणि त्याच सामन्यात पाकिस्तानच्या क्षेत्ररक्षकांवर दगडही मारले. शेवटी त्यांचे काही खेळाडू हेल्मेट घालून सीमारेषेवर उभे राहिले. वेगवान गोलंदाजाला नव्हे, प्रेक्षकाला भिऊन घातलेलं हेल्मेट! बंगलोरला गावसकर त्या वळणाऱ्या खेळपट्टीवर ९६ धावांवर बाद झाला आणि आपण १६ धावांनी हरलो. अण्णा रात्री जेवले नाहीत. आईनं ताट झाकून ठेवलं. घरात कुणी गेलंय असं मला वाटलं आणि मी भोकाड पसरलं, असं आई सांगते. १९८९ साली कराचीत तर एका प्रेक्षकानं मैदानात घुसून आपल्या कर्णधार श्रीकांतचा शर्टच फाडला. थोडक्यात काय, दगड आणि फाटके शर्ट यांच्या बाबतीत मालिका बरोबरीत आहे.

आणि आता १९९९. इथून पुढे मी नुसता इतिहासकार नाही, आरोपीसुद्धा आहे.

मालिका सुरू होण्याआधीच दिल्लीची खेळपट्टी काही लोकांनी उखडली होती. त्यामुळे पहिली कसोटी चेन्नईला हलली. ३१ जानेवारी, रविवार, सामन्याचा चौथा दिवस. जिंकायला २७१ धावा हव्या होत्या आणि आपले ८२ धावांत पाच गेलेले. खेळत होता सचिन. त्याच्या जोडीला आला नयन मोंगिया.

आम्ही सोलापुरात चाळीत राहायचो. मी तेव्हा बी.कॉम. करत होतो. अण्णांचा टीव्ही चाळीतला सगळ्यात मोठा, म्हणजे एकवीस इंची, त्यामुळे आमच्या खोलीत पंधरा माणसं. मोंगिया आला त्याच वेळी पलीकडच्या खोलीतला माझा वर्गमित्र आत आला. जागा नव्हती म्हणून तो उंबऱ्याजवळ पाटावर टेकला आणि एक पाय त्यानं पत्र्याच्या ट्रंकेवर ठेवला. तेवढ्यात सचिननं चौकार मारला. मग आणखी एक. अण्णांनी हात वर केला.

"कुणीही जागेवरून हलायचं नाही!"

क्रिकेट न कळणाऱ्यांना हे कळायचं नाही. सचिन खेळत होता चेन्नईला, पण त्याची बॅट चालत होती ती सोलापुरात कोण कसं बसलंय त्यावर. आई पोह्यांची कढई घेऊन दारात उभी होती, ती तशीच उभी राहिली. कोपऱ्यातले कुलकर्णीकाका निम्मे खुर्चीवर, निम्मे हवेत. माझा हात त्याच वेळी नेमका पंख्याच्या रेग्युलेटरवर होता. पुढचे तासन्‌तास मी रेग्युलेटर धरून उभा! हात खाली घेतला की अण्णा नुसतं बघायचे. सामन्यात विश्रांती झाली की आम्हालाही विश्रांती. तेवढ्यात अण्णांनी सगळ्यांच्या जागा खडूनं आखून घेतल्या. पण माझा मित्र विश्रांतीतही उठला नाही. "नको काका," तो म्हणाला, "उगाच रिस्क नको." एक पाय ट्रंकेवर, तसाच.

मोंगिया बाद झाला पण सचिन पाठीच्या दुखण्यानं वाकत, कळवळत खेळतच होता. १३६ झाल्या. १७ धावा हव्यात, तीन गडी बाकी. आणि त्यानं सकलेनला उचलला. वसीम अक्रम खाली. झेल.

त्यानंतर चार धावांत तीन गडी गेले. १२ धावांनी हरलो. शेवटचा गडी पडला त्या क्षणी अण्णांनी टीव्ही बंद केला. खोलीत कुणी बोलेना. आणि मी, रेग्युलेटरवरचा बधिर झालेला हात चोळत, माझ्या मित्राकडे बघून बोललो :

"मग, आज तुमच्याकडे शिरखुर्मा का बे?"

विनोद म्हणून बोललो, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. विनोदी लेखक झाल्यापासून मला माहीत आहे की तो विनोद नव्हता. जेमतेम दहा-बारा दिवसांपूर्वी ईद झाली होती आणि त्यांच्या घरचा शिरखुर्मा मी दोन वाट्या ओरपून आलो होतो. त्यानं माझ्याकडे बघितलं. रागावला नाही. एवढंच म्हणाला, "सकाळपासून लघवीला उठलो नाही बे मी."

आणि उठला. पायाला मुंग्या आल्या होत्या त्यामुळे नीट चालता येईना. भिंतीला धरून लंगडत लंगडत गेला. कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, की सामना संपल्यावर चेन्नईचं अख्खं स्टेडियम उठून उभं राहिलं आणि पाकिस्तानच्या खेळाडूंसाठी टाळ्या वाजवत राहिलं. तेही आधी गडबडले, मग त्यांनी मैदानाला फेरी मारली. आम्ही टीव्ही बंद केल्यामुळे आम्हाला हे दिसलंच नव्हतं! अण्णांनी ती बातमी दोनदा मोठ्यानं वाचली. दुसऱ्यांदा वाचताना ते मध्येच थांबले आणि चष्मा पुसून माझ्याकडे बघितलं. बोलले काही नाहीत. चेन्नईकरांनी पैसे देऊन तिकिटं काढली, चार दिवस उन्हात बसले, हरले, आणि उभे राहिले. मी फुकट बघितली, पंख्याखाली बघितली, आणि तोंडातून काय काढलं ते वर लिहिलंच आहे. बेगला पत्रं लिहिणारे लोक कोण असतील, असा मला लहानपणी प्रश्न पडायचा. कुणी भयंकर माणसं असतील असं वाटायचं. ती बहुधा माझ्यासारखीच असणार. पोहे खाणारी.

मित्र आठवडाभर आमच्याकडे फिरकला नाही. कॉलेजात लांबून जायचा. मला माफी मागायची होती, पण बी.कॉम.च्या अभ्यासक्रमात तो विषय नव्हता.

पुढचा रविवार, ७ फेब्रुवारी. दिल्लीची कसोटी, त्याच उखडून पुन्हा घातलेल्या खेळपट्टीवर. पाकिस्तानला ४२० हव्यात आणि जेवणापर्यंत त्यांचे बिनबाद १०१. अण्णा अस्वस्थ. त्यांनी खोलीवरून नजर फिरवली आणि ती ट्रंकेपाशी थांबली. पाट रिकामा होता.

"जागा रिकामी आहे म्हणून विकेट पडत नाही," अण्णांनी निकाल दिला. "जा, बोलावून आण त्याला."

"अण्णा, मी..."

"तूच जा. तिकडे कुंबळे खोळंबलाय."

मी गेलो. दारात उभा राहिलो. पाठ केलेलं वाक्य विसरलो आणि म्हणालो, "ट्रंक रिकामी आहे." तो बघत राहिला. मग मी म्हणालो, "चुकलं बे माझं." त्याची आई आतून म्हणाली, "जा रे, काका बोलवालेत." तो आला. पाटावर बसला. ट्रंकेवर पाय ठेवला.

पुढचं जगाला माहीत आहे. कुंबळेनं दुसऱ्या टोकानं गोलंदाजी घेतली आणि एकामागून एक, सगळेच्या सगळे दहा गडी! ७४ धावांत १०. भारत २१२ धावांनी विजयी. क्रिकेटची पुस्तकं याचं श्रेय खेळपट्टीला आणि टोक बदलण्याला देतात. देवोत बापडी. सोलापुरात आम्ही पंधरा साक्षीदार आहोत.

त्याच महिन्यात कलकत्त्याला आशियाई स्पर्धेच्या कसोटीत सचिन शोएब अख्तरवर आपटून धावबाद झाला आणि लोक पेटले. शेवटच्या दिवशी पोलिसांनी ईडन गार्डन रिकामं केलं आणि जवळजवळ रिकाम्या बाकांसमोर पाकिस्ताननं सामना जिंकला. तो दिवस २० फेब्रुवारीचा. त्याच दिवशी वाजपेयी बसमधून वाघा सीमा ओलांडून लाहोरला गेले. एका दिवशी एकाच देशात दोन्ही! आणि त्या उन्हाळ्यात कारगिल. आपल्या इतिहासाचं असंच आहे. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, आणि बाकी कधी जुळत नाही.

२००४ साली मात्र नवलच झालं. आपले लोक व्हिसा काढून हजारोंनी एकदिवसीय सामने बघायला पाकिस्तानात गेले आणि येऊन एकच तक्रार करू लागले, की दुकानदार पैसे घेत नाहीत. मुलतानला सेहवागनं ३०९ धावा कुटल्या, रावळपिंडीत द्रविडनं २७० काढल्या आणि पाकिस्तानात आपण पहिल्यांदा कसोटी मालिका जिंकली. पुढच्या वर्षी मोहालीच्या कसोटीला तिकडची माणसं आली, तर चंदीगडकरांनी आपल्या घरात त्यांच्या गाद्या घातल्या. १९५५ ची लाहोरची परतफेड म्हणा हवं तर. पन्नास वर्षांनी केली, पण व्याजासकट केली.

आणि मग व्यवहार थांबला. शेवटची कसोटी बंगलोरला, डिसेंबर २००७. गांगुलीनं २३९ काढल्या. सामना? अनिर्णित! त्यानंतर हे लिहीपर्यंत एकही कसोटी नाही. झटपट सामने होतात, पण ते तिसऱ्याच्याच अंगणात. माझ्या मुलाला भारत-पाकिस्तान म्हणजे तीन तासांचा तमाशा ठाऊक आहे. समोरच्या संघाची पाच दिवस वाट बघायची, त्याला शिव्या देता देता पाचव्या दिवशी त्याच्यासाठी टाळ्या वाजवायला उठायचं, ही भानगड त्याला सांगूनही कळत नाही. तीन तासांत तेवढी ओळख होत नाही हो.

थांबवण्याची कारणं मला कळत नाहीत असं नाही. २००८ चा नोव्हेंबर मुंबईनं पाहिला आहे. ज्यांची माणसं गेली, त्यांच्यापुढे क्रिकेटचं नाव काढण्याची माझी छाती नाही. मी फक्त खात्याची स्थिती सांगतो. आमच्याकडे दोन वर्षं व्यवहार झाला नाही की खातं निष्क्रिय होतं, आणि दहा वर्षं झाला नाही की रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. पण लोकांचा एक गैरसमज असतो, की पैसे बुडाले. तसं नसतं. खातेदार नाहीतर त्याचा वारस कागदपत्रं घेऊन आला, तर रक्कम द्यावी लागते. असे वारस काउंटरवर कधीमधी येतात. आजोबांचं फाटकं पासबुक घेऊन, जरा संकोचून, 'काही निघतं का बघा' म्हणत.

माझा मित्र आता पुण्यात असतो. सामना कुठलाही असो, पाच गडी गेले की त्याचा फोन येतो. मी विचारतो, "पाय?" तो म्हणतो, "वर आहे. तुझा हात?" मी म्हणतो, "रेग्युलेटरवर." मग दोघंही फोन न ठेवता गप्प बसतो.

ती पत्र्याची ट्रंक अजून आमच्याकडे आहे. गंजली आहे, झाकण लागत नाही. परवा बायको म्हणाली, "भंगारवाला आलाय, देऊन टाकू का?" मी काही बोलायच्या आत आतल्या खोलीतून अण्णांचा आवाज आला. वय झालंय, ऐकू कमी येतं, पण हे बरोबर ऐकू आलं.

"ती जागेवरून हलवायची नाही!"